जबड्याच्या सांध्याची कूर्चा, संप्रेरके आणि आपले ताट : सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जबड्याचा सांधा दुखू लागला की सोलापुरातल्या घरात पहिला बळी कडक भाकरीचा जातो. घरातली वडीलधारी माणसे ‘आता मऊच खा’ असे बजावतात आणि आठवड्याभरासाठी सुरू केलेला वरणभात पुढे वर्षभर चालू राहतो. याउलट, दुखणे अंगावर काढत ऊस दातांनीच सोलणारी मंडळीही कमी नाहीत. या दोन्ही वागण्यांत सांध्याच्या कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरील लवचिक अस्तराचे, नुकसान होते, कारण या कूर्चेला बेताचा भार लागतो. तो पूर्णपणे काढून घेतला तर ती पातळ होऊ लागते आणि तिच्या सोसण्यापलीकडे गेला तर झिजते. तिचे हे सोसणे आयुष्यभर एकसारखे राहत नाही. वयात येणे, पाळी, गरोदरपण, रजोनिवृत्ती, थायरॉइडचे आजार आणि स्टेरॉइडसारखी औषधे यांमुळे शरीरातील संप्रेरके (हार्मोन) बदलतात आणि त्यांनुसार ते कमीजास्त होते. त्यामुळे काय खावे याइतकेच ते कधी, किती मऊ आणि किती दिवस खावे, हेही ठरवावे लागते.

सांधा नेमका कसा आहे

कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे तर्जनी ठेवून सावकाश तोंड उघडले की बोटाखाली काहीतरी पुढे सरकल्याचे जाणवते. तो खालच्या जबड्याच्या हाडाचा माथा होय. हा माथा कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसतो आणि दोहोंच्या मध्ये एक तंतुमय चकती असते. तोंड उघडताना पहिल्या २० ते २५ मिलिमीटरपर्यंत हा सांधा प्रामुख्याने बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो. त्यापुढे माथा चकतीला सोबत घेऊन पुढे घसरतो. चकती जागेवरून सरकलेली असेल, तर याच प्रवासात ‘कट’ असा आवाज येतो. उजवा आणि डावा सांधा एकाच हाडाने जोडलेला असल्याने एका बाजूच्या बिघाडाचा ताण दुसऱ्या बाजूवर येतो.

गुडघ्यातील कूर्चेपेक्षा ही कूर्चा वेगळी असते. गुडघ्याच्या हाडांवर गुळगुळीत काचाभ कूर्चा असते, तर जबड्याच्या सांध्याचा पृष्ठभाग तंतुमय असून त्यात पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचे, म्हणजे चिवट प्रथिनाचे, धागे अधिक असतात. त्याखालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, आणि वाढत्या वयात याच थरातून जबड्याच्या माथ्याची वाढ होते. म्हणूनच वाढीशी संबंधित संप्रेरकांचा आणि चावण्याच्या भाराचा परिणाम या सांध्यावर ठळकपणे दिसतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते आणि हालचालीमुळे हा द्रव खेळता राहतो. जबडा बांधून ठेवल्यासारखा निश्चल ठेवण्याचा सल्ला म्हणूनच फार काळ पाळू नये.

उंदरांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. दळलेले मऊ खाद्य दीर्घकाळ दिलेल्या वाढत्या उंदरांमध्ये जबड्याच्या माथ्यावरील कूर्चा कडक खाद्य खाणाऱ्यांपेक्षा पातळ आढळते आणि खालच्या हाडाची घडणही कमी भरीव होते. माणसाच्या सांध्यातला तुकडा काढून असे मोजता येत नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्यावर लावू नयेत. मात्र भार कमी झाला की कूर्चा त्यानुसार बदलते, हे तत्त्व वाढत्या मुलांच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शाळकरी मुलाला पोळीसुद्धा दुधात बुडवूनच देणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा.

पहिली पायरी : आरशासमोर स्वतःची तपासणी

आहार बदलण्याआधी आजची स्थिती लिहून ठेवावी, नाहीतर महिनाभराने सुधारणा झाली की नाही, हे केवळ आठवणीवर सांगावे लागते. आरशासमोर ताठ बसून तोंड हळूहळू उघडावे. स्वतःच्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये सहज मावली, तर तोंड साधारण पुरेसे उघडते असे समजावे. प्रौढ माणसात हे अंतर बहुधा ४० मिलिमीटरच्या पुढे असते. दोनच बोटे जात असतील, तर ती नोंद महत्त्वाची आहे. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का, आवाज कोणत्या टप्प्यावर येतो आणि त्या आवाजाबरोबर कळ येते का, हेही पाहावे. कळ नसलेला, तोंड उघडण्यात अडथळा न आणणारा नुसता आवाज अनेक निरोगी माणसांतही असतो आणि त्यासाठी उपचारांची घाई करण्याचे कारण नाही.

त्यानंतर गालाच्या मागच्या भागावर आणि कानशिलावर बोटांनी दाबून पाहावे. दात घट्ट मिटल्यावर हे स्नायू फुगलेले लागतात. पुष्कळ वेळा दुखणे सांध्यात नसून या स्नायूंत असते, आणि तसे असेल तर कूर्चेची काळजी करत बसण्यापेक्षा दिवसभर दात आवळून धरण्याची सवय शोधणे अधिक उपयोगी ठरते.

आपल्याकडे आणखी एक फरक करणे अत्यावश्यक आहे. सुपारी, मावा किंवा गुटखा खाणाऱ्या व्यक्तीचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठर लागू लागली आणि शेंगाची चटणी पूर्वीपेक्षा फार झोंबू लागली, तर तो सांध्याचा विकार नसून तोंडातील त्वचेखालचे तंतू आखडण्याचा आजार असण्याची शक्यता मोठी असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी हे रुग्ण अजून दिसतात. या आजाराचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते, त्यामुळे अशा वेळी पुढील पायऱ्या वाचत न बसता दंतवैद्यांकडून तोंड तपासून घ्यावे.

दुसरी पायरी : संप्रेरकांचा हिशेब

जबड्याच्या सांध्याचे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि त्याचे प्रमाण विशेषतः पाळी सुरू असण्याच्या वयात जास्त असते. या सांध्याच्या कूर्चेत आणि चकतीत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक (पेशींतील रेणू) सापडले आहेत, हे यामागील एक महत्त्वाचे सूत्र आहे. परंतु ‘इस्ट्रोजेन चांगले’ किंवा ‘इस्ट्रोजेन वाईट’ असा सरळ निकाल देता येत नाही. लहान वयाच्या माद्या उंदरांमध्ये इस्ट्रोजेनमुळे कूर्चेतील नव्या पेशींची वाढ मंदावते असे दिसते. अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये कूर्चेखालच्या हाडाची घनता घटते. आणि सांध्याला आधीच सूज असेल, तर इस्ट्रोजेनमुळे ती वाढल्याचेही काही प्रयोगांत आढळले आहे. शिवाय हे संप्रेरक वेदनेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंवरही परिणाम करते, म्हणजे कूर्चा तीच असूनही दुखणे कमीजास्त होऊ शकते.

पाळीच्या चक्रात हे चढउतार प्रत्यक्ष जाणवतात. पाळीच्या आधीचे काही दिवस आणि पाळीचे पहिले दिवस, म्हणजे इस्ट्रोजेन उतरणीला लागते तो काळ, अनेक रुग्णांना अधिक त्रासदायक जातो. काहींना बीजोत्सर्गाच्या सुमारासही कळ वाढल्याचे जाणवते. त्यासाठी कोणतीही महागडी तपासणी न करता भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग करावा. दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद जिथे केली जाते, तिथेच पाळीचा पहिला दिवस आणि जबडा दुखल्याचा दिवस अशा दोन वेगळ्या खुणा कराव्यात. दोन-तीन महिन्यांत दोन्हींचा मेळ दिसला, तर त्या चार-पाच दिवसांत कडक पदार्थ आधीच बाजूला ठेवावेत आणि दंतवैद्यांकडे लांबलचक काम करून घ्यायचे असेल, तर ते शक्यतो पुढे ढकलावे. मेळ दिसला नाही तर संप्रेरकांना दोष देणे सोडून सवयींकडे वळावे. रक्तातील इस्ट्रोजेन एकदा मोजून मात्र काही साधत नाही, कारण ते महिन्याच्या दिवसागणिक बदलते.

गरोदरपणात चित्र थोडे निराळे असते. शेवटच्या तिमाहीत अनेक स्त्रियांचे जबड्याचे दुखणे कमी होते आणि बाळंतपणानंतर ते पुन्हा डोके वर काढते. याच काळात रिलॅक्सिन नावाचे संप्रेरकही शरीरात फिरत असते. तंतुमय कूर्चेतील कोलॅजेन विघटित करणारी विकरे त्यामुळे वाढू शकतात, असे प्राण्यांच्या सांध्यांवरील कामातून दिसून आले आहे. म्हणून दुखत नसले तरी या काळात तोंड फार ताणणे, मोठी जांभई न आवरणे किंवा पूर्ण पेरू पुढच्या दातांनी तोडणे टाळावे. स्तनपानाच्या महिन्यांत आईच्या हाडांतील काही कॅल्शियम दुधावाटे जाते आणि स्तनपान थांबल्यावर बहुधा भरून येते. तोवर बाळंतिणीच्या ताटातील दूध, तीळ आणि डाळी कमी होऊ देऊ नयेत. डिंकाचे लाडू फार कडक वळण्याची हौस मात्र आवरावी.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने कूर्चेखालच्या हाडाची झीज वेग घेते. या वयात सांध्यातून कट आवाजाऐवजी वाळू घासल्यासारखी करकर ऐकू येऊ लागली, तर ती झिजेची खूण असू शकते. केवळ जबड्यासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणे मात्र योग्य नाही. बाहेरून इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत जबड्याच्या तक्रारी काही पाहण्यांत उलट अधिक आढळल्या आहेत. गर्भनिरोधक गोळ्यांबाबतही निष्कर्ष एकमुखी नाहीत. ज्या गोळ्या चालू आहेत त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि नव्याने सुरूही करू नयेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना जबड्याच्या दुखण्याची माहिती द्यावी, एवढे पुरे.

अन्य संप्रेरकांपैकी थायरॉइडकडे लक्ष द्यावे. ते कमी असेल तर मुलांच्या हाडांची आणि जबड्याची वाढ मंदावते आणि मोठ्यांमध्ये स्नायू दुखरे व जड होतात, ज्याला सहज जबड्याचे दुखणे समजले जाऊ शकते. वाढीचे संप्रेरक प्रौढ वयात अतिरिक्त झाले तर खालचा जबडाच पुढे वाढतो आणि दातांची मिठी, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बिघडते. हा आजार दुर्मिळ आहे, पण अंगठी घट्ट होणे आणि चपलेचा नंबर वाढणे ही त्याची सोबतची लक्षणे आहेत. अनेक वर्षांच्या अनियंत्रित मधुमेहात जादा साखर कोलॅजेनला चिकटून ते ठिसूळ व ताठर करते.

स्टेरॉइडविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. डॉक्टरांनी दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ठरवून दिलेले स्टेरॉइड अचानक बंद करणे धोक्याचे असते, त्यामुळे ते तसेच चालू ठेवावे. धोका आहे तो सांधेदुखीवर ‘खात्रीचे’ म्हणून बिनलेबलाच्या पुड्यांतून विकल्या जाणाऱ्या चूर्णांचा. दोन दिवसांत सगळे अंग मोकळे करणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि ते महिनोन्महिने पोटात गेले तर हाडे पोकळ होतात, साखर वाढते आणि चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. पुडी कोणी का दिलेली असेना, घटक छापलेले नसतील तर ती घेऊ नये. आधीच बरेच दिवस घेतली असेल, तर ती डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानेच थांबवावी.

किशोरवयीन आणि तरुण मुलींबाबत एक वेगळी सूचना आहे. साधारण १५ ते ३५ या वयात, बहुतांशी स्त्रियांमध्येच, जबड्याचा माथा विरघळत जाऊन लहान होण्याचा एक आजार आढळतो. त्याचे निश्चित कारण ठरलेले नाही. इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा संबंध सुचवला गेला आहे. हनुवटी हळूहळू मागे जाणे आणि मागच्या दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहणे, ही त्याची लक्षणे होत. जुने फोटो शेजारी ठेवून पाहिले की बदल लक्षात येतो. मुलीच्या दातांना तारा लावण्याचे उपचार चालू असतील आणि पाळी अनेक महिने येत नसेल, तर ही बाब संकोच न करता दंतवैद्यांना सांगावी.

तिसरी पायरी : भाकरीचा मऊपणा टप्प्याटप्प्याने बदलणे

सांधा नुकताच भडकलेला असेल, तर पहिले आठ-दहा दिवस खरोखर मऊ खावे. यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. ज्वारीच्या कण्या ताकात, हुलग्याचे माडगे, मुगाचे वरण आणि आसट भात, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली ताजी भाकरी हे सारे घरातलेच आहे. शेंगाची चटणी सोडायची नाही, फक्त ती दह्यात कालवून घ्यायची. कुस्करण्यातही एक बारकावा आहे : भाकरी गरम असतानाच चुरावी, आमटी ओतून वर ताटली झाकावी आणि चार-पाच मिनिटांनी खावी, म्हणजे कडेचे पापुद्रेही मऊ होतात. नुसत्या पातळ पेयांवर राहू नये. त्याने प्रथिने कमी पडतात आणि जबडाही हलत नाही.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे कळ निम्म्यावर आल्यावर, कुस्करणे थांबवून ताज्या भाकरीचे लहान घास चावून खायला सुरुवात करावी. शेंगोळे, मऊ शिजवलेली मटकीची उसळ, पनीर, उकडलेली अंडी हे या टप्प्याचे पदार्थ. फळे फोडी करून खावीत. दुखऱ्या बाजूला विश्रांती म्हणून केवळ दुसऱ्या बाजूने चावणे अनेकांना योग्य वाटते, परंतु एका बाजूने चावताना विरुद्ध बाजूच्या सांध्यावर येणारा भार बहुधा जास्त असतो. म्हणून घास दोन्ही बाजूंनी फिरवावा. एका बाजूच्या दाढा पडल्या असतील तर कृत्रिम दात बसवणे हा कूर्चेच्या उपचाराचाच भाग समजावा.

किती पुढे जायचे, हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवावे. नवा पदार्थ खाताना थोडे अवघडल्यासारखे वाटले आणि सकाळपर्यंत ते गेले, तर तो पदार्थ चालू ठेवावा. दुखणे दुसऱ्या दिवशीही रेंगाळले, तर एक टप्पा मागे यावे. कडक भाकरी सर्वांत शेवटी परत आणावी, तीही आधी आमटीत भिजवून आणि मग कोरडी. कोरडी खाताना पुढच्या दातांनी तुकडा तोडण्याऐवजी हाताने मोडून लहान तुकडा दाढेखाली ठेवावा, कारण पुढच्या दातांनी जोर लावताना सांध्यावरचा भार वाढतो. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला बसल्यावर दोन-चार मुठी खायला हरकत नाही. तासभर गप्पांच्या नादात चघळत राहणे टाळावे. गड्ड्याच्या यात्रेतली चिक्की फोडून लहान तुकड्यांत खावी, किंवा तिळाच्या मऊ वडीवर समाधान मानावे. ऊस विळ्याने सोलून त्याचे करवे करून खाणे शक्य आहे, तथापि सांधा पूर्वी अडकलेला असेल तर रसावर भागवावे. च्युइंग गम आणि सुपारी यांना कोणत्याच टप्प्यात जागा नाही.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मऊ आहाराला पहिल्या दिवशीच शेवटची तारीख ठरवून द्यावी. ती ठरवली नाही की माणूस भीतीपोटी भाकरीकडे फिरकत नाही, चावण्याचे स्नायू दुबळे होतात आणि मग साधी पोळीही त्रास देऊ लागते.

चौथी पायरी : ताटातील पोषण मोजणे

कूर्चा वाढवणारा असा एकच जादूचा पदार्थ नाही. कोलॅजेन बनवायला प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते, कूर्चेखालच्या हाडाला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचे निष्कर्ष मिश्र आहेत आणि त्यांच्या किमतीत महिन्याचे दूध येते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. कॅल्शियमची शिफारस रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम अशी आहे. सोलापूरच्या ताटात हे कसे बसते ते पाहू. ज्वारीच्या सव्वाशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, ४० ग्रॅम कच्च्या डाळीतून ९, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यातून ७, पाव वाटी हुलग्यातून ५ ते ६ आणि दूध-दही मिळून ४०० मिलिलिटरमधून १३. बेरीज ४६ च्या आसपास जाते. यातून दूध-दही वगळले तर ताट ३३ वर येते आणि डाळही पातळ झाली तर त्याहून खाली. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, त्यामुळे भाकरी आणि आमटीची जोडी पोषणाच्या दृष्टीने अगदी पक्की आहे.

कॅल्शियमच्या बाबतीत मात्र केवळ भाकरीच्या भरवशावर राहता येत नाही, कारण १०० ग्रॅम ज्वारीत ते ३० मिलिग्रॅमही नसते. तेच ४०० मिलिलिटर दूध-दही पावणेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास देते, १५ ग्रॅम न सोललेले तीळ पावणेदोनशेच्या वर, १०० ग्रॅम मेथी अडीचशेच्या वर, आणि हुलगे व डाळी मिळून शंभरच्या जवळ. तिळातील आणि पालेभाज्यांतील सगळे कॅल्शियम शरीराला लागू पडत नाही, म्हणून पालेभाजी रोज आणि तीळ भाजून, कुटून घ्यावेत. शेवग्याचा पाला या हिशेबात फार सरस आहे, पण तो जनावरांपुढे टाकण्याची आपली रीत आहे. क जीवनसत्त्वासाठी एक पेरू किंवा अर्धा आवळा पुरतो. जेवणावर लिंबू पिळल्यास डाळीतील लोहही अधिक शोषले जाते. जिल्ह्याच्या डाळिंबाचे कौतुक योग्यच आहे, तथापि त्याने कूर्चा भरून येते असे विक्रेत्याने सांगितले तर दाणे चवीसाठी खावेत.

ड जीवनसत्त्वाबाबत मोठा गैरसमज आहे. सोलापुरात उन्हाची वाण नाही, पण उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे गेला की माणसे सावली धरतात आणि बाहेर पडताना अंगभर कापड घेतात. सूर्योदयानंतरच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच कमी असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी अकराच्या सुमारास हात आणि पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे उन्हात बसावे; एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊ-दहाला त्याहून कमी वेळ पुरे. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ही पुडी चुकून रोज घेतली किंवा वर्षभर चालूच ठेवली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी, आणि लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर घेऊ नये.

पाचवी पायरी : जेवणाच्या वेळेबाहेरचा भार

जेवताना दात एकमेकांवर टेकतात तो वेळ दिवसात फार थोडा असतो. त्याबाहेर ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. सुई ओवताना, गाडी चालवताना, मोबाइल पाहताना दात आवळलेले आहेत का, हे अधूनमधून तपासावे. सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मान खाली घालून विड्या वळणाऱ्या स्त्रियांमध्ये मानेच्या स्नायूंचा ताण जबड्यापर्यंत पोहोचतो; सूप पाटावर किंवा उशीवर ठेवून उंच केले आणि दर अर्ध्या तासाने मान सरळ करून खांदे फिरवले, तर पुष्कळ आराम पडतो. तोंडात मिश्री धरून ठेवण्याची सवय असेल, तर दाताखाली गाल आवळला जातो, ही तिच्या अन्य तोट्यांत आणखी एक भर.

व्यायाम एकच पुरे. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकवावे आणि जीभ न सुटू देता तोंड जितके उघडेल तितकेच सावकाश उघडून मिटावे. असे सहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा करावे. त्याआधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन्ही गालांवर पंधरा मिनिटे ठेवावा.

सहावी पायरी : डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जावे

तोंड अचानक दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागले, उघडलेले तोंड मिटेनासे झाले, गालावर सूज व ताप आला, ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, किंवा पडल्यानंतर दातांची मिठी बदलली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. पन्नाशीच्या पुढच्या व्यक्तीला चावताना जबडा भरून येत असेल आणि सोबत कानशिलात दुखणे किंवा नजर अंधुक होणे असेल, तर तो रक्तवाहिनीच्या सुजेचा आजार असू शकतो आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चालताना किंवा जिना चढताना जबड्यात येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ हृदयाची असू शकते. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आखडला, तर धनुर्वाताची शंका घ्यावी. सकाळी बोटांचे सांधे आखडत असतील तर संधिवाताची तपासणी करून घ्यावी, कारण तो जबड्याच्या सांध्यातही शिरतो आणि लहान मुलांमध्ये तर अनेकदा न दुखता शिरतो.

एरवी सहा आठवडे वरील क्रम पाळूनही फरक पडला नाही, तर दंतवैद्य किंवा मुख-जबडा शल्यचिकित्सकांना भेटावे. खासगी खर्च झेपत नसल्यास सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात आधी दाखवता येते. जाताना कॅलेंडरच्या पानांचे फोटो, चालू औषधांची पाने, घेतल्या असतील त्या पुड्या, आणि तोंड किती बोटे उघडते याची नोंद सोबत न्यावी. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, कूर्चा आणि चकती दिसत नाही. चकतीसाठी एमआरआय लागतो, पण तो प्रत्येकाला लागतोच असे नाही. थायरॉइड, साखर आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या लक्षणांनुसार डॉक्टर ठरवतील.

रात्री दात खाण्याच्या सवयीवर उपाय म्हणून बसवलेला गार्ड (दातांवरचे संरक्षक आवरण) दातांना लागत असेल किंवा सकाळी दातांची मिठी बदलल्यासारखी वाटत असेल, तर तो तसाच वापरत न राहता घासून दुरुस्त करून घ्यावा. दात यंत्राने झिजवून मिठी कायमची बदलणे, किंवा शस्त्रक्रिया, असे परत न फिरवता येणारे उपाय पहिल्याच भेटीत सुचवले गेले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.